दुसरं बटण

तळवडे,
रविवार, २२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामांना,

दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही मला म्हणालात, "तोंडानं काय बी सांगू नका, मला ऐकू येत न्हाई. सांगायचं ते लिवून द्या." म्हणून लिहितोय. अनिता माझा फोन उचलत नाही. उचलला तरी मी कसा बोलतो ते तुम्हाला माहीत आहे. एका वाक्यातून दुसऱ्यात शिरतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि मुद्दा मागच्याच स्टॉपवर उतरून गेलेला असतो. कागदावर निदान मागे वळून बघता येतं.

पत्र तुमच्या गावच्या कोंडाजीबरोबर देतोय. तो आमच्याच कंपनीत, माझ्याच शिफ्टला आहे आणि सुटल्यावर बसने थेट गावात उतरतो. टपालपेटीत टाकायचं ठरवलं असतं तर पत्र माझ्या खिशातच म्हातारं झालं असतं.

आता त्या शुक्रवारचं. सबबी सांगत नाही, जसं घडलं तसं सांगतो. अनिताची तळवड्यात दुसरी शिफ्ट, ती अडीचला घरून निघते. माझी चाकणला पहिली, साडेतीनला सुटते. माझी बस चार दहाला सोसायटीच्या कोपऱ्यावर येते आणि स्वरूपाची शाळेची व्हॅन चार वीसला. नऊ वर्षांच्या संसारात आम्ही जमवलेलं सगळ्यात अवघड गणित ते हेच. त्यासाठी मी फोनवर तीन गजर लावून ठेवलेत. पण कंपनीत कामाच्या जागी फोन न्यायला बंदी आहे, फोन गेटजवळच्या कपाटात ठेवावा लागतो. एरवी भोंगा झाला की कोंडाजी जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारतो, "चला राव, घरदार हाय का न्हाई?" त्या दिवशी तो रजेवर होता.

मी एक फिक्श्चर, म्हणजे नग पक्का धरून ठेवणारी चौकट, करत होतो. गाडीचा डाव्या बाजूचा ब्रॅकेट चुकून उजवीकडे बसायचा, तो बसूच नये म्हणून कुठे खुंटी द्यावी ते तीन आठवडे सुचत नव्हतं. ते तीन वाजून वीस मिनिटांनी सुचलं. मी मान वर केली तेव्हा सहाला दहा कमी होते. मामा, देवाशपथ, मधला वेळ मी पाहिलाच नाही. तिन्ही गजर कपाटात वाजून गेले होते. आणि फोनवर अनिताचे एकोणीस कॉल.

वॉचमन दत्तोबांनी स्वरूपाला खुर्ची दिली होती. तासभर बसली बिचारी. ते म्हणाले, "पप्पा इसरले की काय गं?" तर म्हणाली, "नाही, बस उशिरा असेल." आणि बस दिसते का बघायला रस्त्यापर्यंत गेली. पुढचं तुम्ही दवाखान्यात पाहिलंच. मोटारसायकलवाल्याची चूक होती असं सगळे म्हणतात. मला ते ऐकवत नाही. ती बस उशिरा असेल म्हणाली, हे माझ्या छातीतून निघत नाही.

सोमवारी कंपनीत माझा फोटो बोर्डावर लावला. चुका होऊच नयेत म्हणून केलेल्या उत्तम कामाबद्दल. खाली माझं नाव, समाधान शिराळे. मी बोर्डाकडे न बघता येतो-जातो.

तिला परत पाठवा म्हणायला मला तोंड नाही. पायाचं प्लास्टर निघेपर्यंत मायलेकी तुमच्याकडेच राहू देत. तोवर मी काय करू, एवढं सांगा.

तुमचा,
समाधान


शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

जावईबापू समाधानराव यांस धर्माजीचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असे पहिल्या ओळीत लिहिण्याची पद्धत आहे. ठीक नाही, म्हणून ती ओळ गाळली.

पोर झोपेत दचकते. जागेपणी हसते. पायावरच्या प्लास्टरवर तिने पेनाने अख्खी आळी काढली आहे, तुमची बससुद्धा. तुमच्या मामींनी दृष्ट काढली, मीठ-मोहरी चुलीत टाकली. आता दोन वेळा काढतात.

काय करू म्हणून विचारता. बोलाची कढी बोलाचाच भात मी नऊ वर्षे पाहिला. गॅसवर दूध ठेवून तुम्ही पंखा दुरुस्त करायला बसता. काखेत कळसा, गावाला वळसा, तशी हातात चावी घेऊन घरभर चावी शोधता. अनिता हसून सांगायची, आम्हीही हसायचो. आता हसू येत नाही.

आमच्या थोरल्या ज्ञानेशचे तुम्हाला माहीत आहे. लग्नाआधीची गोष्ट असली तरी अनिताने सांगितले असेल. वीस वर्षांचा होता. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये हात गेला, जखम चिघळली, तेराव्या दिवशी तो गेला. तसा पोर वाईट नव्हता. पण लक्ष नव्हते. कांद्याच्या वाफ्याला पाणी सोडायला सांगितले तर मोटार खोलून बसायचा, आणि वाफा वाहून जायचा. कासऱ्याने मारले, उपाशी ठेवले, सुधारला नाही. अनिता तेव्हा चौदाची. डबा घेऊन ती रोज दवाखान्यात जायची. शेवटच्या दिवशीचा डबा तसाच परत आणला.

परवा मी तिला तुमच्याबद्दल विचारले. तर म्हणाली, "आबा, मला आता दुसरं मढं बगायचं न्हाई." कानात यंत्र नसतानाही मला ते नीट ऐकू आले.

तेव्हा माझ्याजवळ तुम्हाला सांगण्यासारखे काही नाही. लक्ष द्या, एवढेच. ते मी ज्ञानेशलाही सांगत होतो.

धर्माजी


तळवडे,
रविवार, ५ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांना,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

लक्ष द्या म्हणालात, ते घेऊनच मी डॉक्टरांकडे गेलो. चिंचवडला एक डॉक्टरीणबाई आहेत, मेंदूच्या आणि मनाच्या. आमच्या कंपनीच्या डॉक्टरांनी नाव दिलं. मला वाटलं, पाच मिनिटांत झोपेची गोळी देऊन हाकलतील. त्यांनी दोन वेळा बोलावून दीड-दीड तास बसवून घेतलं. शाळेत बाकावर शांत बसवायचं का? दप्तर कुठे विसरायचास? आई काय म्हणायची? आई म्हणायची, पुढचं पाठ मागचं सपाट. औशाच्या शाळेत गुरुजींनी माझं नावच 'हरवलेला' ठेवलं होतं, हजेरीतही तसंच पुकारायचे आणि पोरं हसायची. ते सांगताना मी रडलो, मामा. सदतीस वर्षांचा बाप्या, टेबलावर ठेवलेल्या रुमालांतला रुमाल घेऊन रडत होतो.

त्या म्हणाल्या, हा जन्मापासूनचा विकार आहे. इंग्रजीत त्याला एडीएचडी म्हणतात. यात लक्ष नसतं असं नाही. ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं, ते हातात राहत नाही. म्हणून दूध उतू जातं आणि म्हणूनच ती खुंटी सुचते. मारून, रागावून तो जात नाही. गोळ्या सुरू केल्यात. डोक्यातला गोंगाट थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, पण त्यांनी बजावलंय की गोळी म्हणजे जादू नाही, घराची आणि कामाची घडी बसवावी लागेल. आणखी एक सांगितलं, हे घराण्यातून येऊ शकतं. स्वरूपावर नजर असू द्या. पण रागावू नका तिला, हात जोडतो.

घडी बसवण्यावरून आठवलं. आमच्या कामाला जपानी नाव आहे, पोका-योके. अर्थ साधा आहे, माणूस चुकणारच, तेव्हा यंत्र असं करा की त्याला चुकताच येऊ नये. आमच्याकडे अपघाताचा कागद भरताना 'कामगाराचं लक्ष नव्हतं' एवढं लिहून चालत नाही. पुढचा प्रश्न तयारच असतो, यंत्राने चुकू का दिलं? मी घरातही तसं करायला गेलो होतो. भिंतीवर चावीच्या, डब्याच्या, छत्रीच्या आकृत्या रंगवल्या, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच दिसावं. अनिता म्हणाली, "घर आहे की टूलरूम?" विषय सुटला.

सांगायचं होतं ते प्रेसबद्दल. प्रेसला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर, दोन हातांना दोन. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. म्हणजे ती येते तेव्हा माणसाचे दोन्ही हात बाहेर, बटणांवर. त्याचं कितीही लक्ष नसलं तरी हात शाबूत राहतो. ज्ञानेशदादांच्या मशीनला तशी बटणं नव्हती का? जुनं मशीन असेल तर नसतील. पण मग दोष त्यांचा नव्हे, मामा. मला त्यांना बघायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं. आमचं जमलं असतं.

अनिताला नमस्कार सांगू नका, ती चिडेल. पण मी गोळ्या घेतोय एवढं कानावर घाला.

तुमचा,
समाधान


रविवार, १९ जानेवारी २०२५

जावईबापू समाधानराव यांस,

तुमचे पत्र चौदा दिवस उशीखाली होते. संक्रांत आली आणि गेली. तिळगूळ पाठवला नाही, राग नसावा.

आधी पोरीचे. जागची हलता येत नाही, तरी तिचे मन घरभर हिंडते. सातचा पाढा निम्मा लिहिते, मग पाटीवर बैल काढते, मग पाढा नवाचा सुरू होतो. माझे कानातले यंत्र दोन वर्षांपासून बंद पडले आहे. ते तिने सेफ्टीपिनने खोलले आणि सगळे सुटे भाग ताटात मांडून मला एकेकाचे काम सांगत बसली. मला ऐकू आले नाही. पण तिच्याकडे बघून मी उठून गोठ्यात गेलो. ज्ञानेश असाच मांडून बसायचा. मी ताट उधळून द्यायचो.

तुम्ही विचारलेत, बटणे नव्हती का. बटणे होती. दोन होती.

चाकणच्या त्या लहान प्रेस शॉपमध्ये मीही होतो. जमिनी कंपन्यांत गेल्यावर मी तिथे लागलो, कान माझे तिथेच गेले. ज्ञानेशला मीच चिकटवला. त्याचे नग निघत नव्हते. आठ तासांत दुसऱ्याचे बाराशे, तर याचे सातशे, कारण मधेच हात थांबायचा आणि मशीन कसे चालते तेच बघत बसायचा. सुपरवायझर सगळ्यांसमोर मला म्हणायचा, "धर्माजी, पोरगं घरी ने." माझी मान खाली जायची. तेव्हा तिथे बरेच जण करायचे ते मी त्याला करून दिले. डाव्या बटणावर चिकटपट्टी गुंडाळून ते दाबलेले ठेवले. म्हणजे उजव्या हाताने बटण मारायचे, आणि डावा हात माल घालायला-काढायला मोकळा. नग वाढतात. तो म्हणाला, "आबा, हे बराबर न्हाई." मी म्हणालो, "लक्ष ठेव म्हंजे झालं."

तिसऱ्या दिवशी झाले.

त्याला गाडीत घातल्यावर मी परत आत आलो. साहेब लोक बघायला यायच्या आत मी ती पट्टी नखांनी काढली. कुणी मला सांगितले नव्हते. मग जो विचारेल त्याला सांगितले, पोराचे लक्ष नव्हते. कंपनीनेही तेच लिहिले. मी अंगठा नाही, सही केली, मला लिहिता येते ना.

बाराव्या दिवशी मी एकटा त्याच्याजवळ होतो. तापात होता. म्हणाला, "आबा, पट्टीचं म्या कुणाला सांगितलं न्हाई." ज्या पोराला मीठ आणायला धाडले तर वाटेत मीठच विसरायचा, त्याने तेवढे लक्षात ठेवले. दुसऱ्या दिवशी गेला.

अठरा वर्षे झाकली मूठ ठेवली. तुमच्या मामींना माहीत नाही, अनिताला नाही. तिला वाटते तिचा भाऊ लक्ष नव्हते म्हणून मेला आणि नवराही तसाच मिळाला. तिची भीती मी पेरलेली आहे. तिला खरे सांगितले तर ती तुमच्याकडे येईल असे मला वाटते. मग मी तिचा बाप राहणार नाही, पण माझे किती दिवस उरले?

तुम्ही सांगाल तसे करीन. नको असेल तर 'नको' एवढा एक शब्द पाठवा, मी मूठ घेऊन सरणावर जाईन. प्लास्टर तीस तारखेला निघणार आहे. तोवर वाट बघतो.

धर्माजी


शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

जावईबापू समाधानराव यांस,

तुमचा शब्द आला नाही. कोंडाजीला रोज नुसते पत्र आहे का विचारत होतो, गोष्टीचा गवगवा नको म्हणून तुम्हाला आठवण कर असे सांगितले नाही. चार दिवस तो भाचीच्या लग्नात होता, पण त्यानंतर रोज येत होता आणि रोज मान हलवत होता. न बोलण्याला होकार धरावा लागला.

काल दुपारी राजगुरुनगरला प्लास्टर काढून आलो. पाय बारीक झाला आहे, पोर थोडी लंगडते, डॉक्टर म्हणतात सुटेल. घरी आल्यावर मी अनिताला ओट्यावर बसवले आणि सगळे सांगितले.  ऐकता ऐकता ती माझ्या नखांकडे बघत होती. मग आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

मग तुमच्या मामींकडून कळले, की पिशवी तिने दोन दिवस आधीच भरून ठेवली होती. प्लास्टर निघाले की रविवारी तळवड्याला जायचे तिचे ठरले होते. आईला म्हणाली होती, "गोळ्या घेत्यात म्हणं. बघू परत एकदा." मला कुणी सांगितले नाही. बहिऱ्याला कोण सांगतो?

पाचच्या गाडीने दोघी गेल्या. स्वरूपाने हात केला. अनिताने मागे पाहिले नाही, ते माझ्या वाट्याचे आहे. आता तुमच्या घरी पोचल्या असतील. तिला काही विचारू नका. जेवायला घाला, झोपू द्या. ती रडली तर रडू द्या, ती भावाच्या वेळी रडली नव्हती.

माझे जे जायचे ते गेले. तुमचा संसार जागेवर आला, यात मी समाधान मानतो.

धर्माजी


तळवडे,
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

मामा,

अनिता इथे आलेली नाही.

कोंडाजीने सकाळी तुमचं पत्र दिलं, ते मी गेटवरच वाचलं, आणि तिथूनच मागे फिरावंसं वाटलं. तिचा फोन बंद होता. शेवटी तिच्याबरोबर लाइनवर काम करणाऱ्या नीलाला फोन लावला. दोघी गुरुवारपासून राजगुरुनगरला तिच्या घरी आहेत. अनिताने तिथेच खोली बघितलीय. माझ्याशी बोलायला तयार नाही. नीलाने तिचा निरोप तेवढा दिला, "दोघं मिळून ठरवत होते ना मला काय कळू द्यायचं, आता दोघंच राहा म्हणावं." तुम्ही तिला सांगताना बोलून गेला असाल, की जावयालाही विचारलं होतं.

आता माझं ऐका. तुम्हाला उत्तर लिहिलं होतं मी. वीस तारखेला, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी, कँटीनमध्ये जेवण बाजूला सारून लिहिलं. त्यात एकच गोष्ट होती, सांगू नका. पाकिटात घातलं, वर तुमचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी कोंडाजीला द्यायचं म्हणून टूलरूमच्या खणात ठेवलं, सुरक्षित राहावं म्हणून. दुसऱ्या दिवशी कोंडाजी लग्नाला गेला होता. खण बंद. चार दिवसांनी तो आला तेव्हा माझ्या मनात पत्र कधीच पोचलं होतं. मी तर तुमच्या उत्तराची वाट बघत होतो. मनात म्हणायचो, मामा रागावलेले दिसतात, म्हणून त्यात कबूल केल्याप्रमाणे रविवारी तुमच्याकडे आलोही नाही.

आज खण उघडला. ड्रॉइंगच्या खाली होतं. पाकीटही चुरगळलं नव्हतं.

तुम्ही माझा एक शब्द मागितलात आणि मी तो खणात ठेवून घरी गेलो. रविवारी ती येणार होती. मी त्या भिंतीवर सगळ्याच्या आकृत्या काढल्या, पत्राची काढली नाही. तुमची काही चूक नाही. तुम्ही वाट पाहिलीत.

मी गोळी घेऊनही हे झालं, हे मला जास्त लागलंय. मी कुणाला तोंड दाखवू?

समाधान


तळवडे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

अनिता,

हे नीलाच्या हातून मिळेल. फोन करणार नाही, दारात येणार नाही.

आबांनी तुला जे सांगितलं ते मला तुझ्या दहा दिवस आधी कळलं होतं. सोबत एक पाकीट आहे. त्यावर मी आबांना लिहिलेलं, त्यांच्यापर्यंत न पोचलेलं पत्र. मी ते फाडू शकलो असतो, कुणाला कळलं नसतं. फाडायला हातही लावला. मग वाटलं, पुरे झालं पट्ट्या काढणं. वाचून तू मला आणखी दूर करशील, हे माहीत असून पाठवतोय.

घरात तुझी चप्पल दाराशी तशीच आहे. मी हलवली नाही.

समाधान

[सोबतचं पत्र]

चाकण, २० जानेवारी २०२५

मामा,

सांगू नका. अनिताला काहीही सांगू नका. तिला एक नवरा आधीच गमवायची वेळ आलीय, त्यात बाप कशाला? ती माझ्याकडे यायची असेल तर माझ्यासाठी येऊ दे, तुमच्या बदल्यात नको. तुम्ही पट्टी लावलीत ती पोराने कामावर टिकावं म्हणून. मी तुम्हाला खुनी म्हणणार नाही, आणि कुणाला म्हणू देणार नाही. रडून घ्या. मी रविवारी गोठ्यात येऊन बसतो तुमच्याजवळ, अनिताला कळणार नाही अशा बेताने. हे आपल्या दोघांतच राहू द्या. मी जन्मभर तोंड उघडणार नाही. एवढी एक गोष्ट मी विसरणार नाही, बघा.

समाधान


राजगुरुनगर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

अहो,

तुमचं पत्र आणि आतलं पत्र, दोन्ही वाचली. आठवडाभर काही लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की शिव्याच यायच्या.

आतलं पत्र चांगलं आहे. आबांशी इतकं चांगलं कुणीच बोललं नसतं, मी तर नाहीच. ते त्यांना नेऊन द्या. त्यांचं आहे ते. मी अजून त्यांच्याकडे गेलेले नाही. आई येऊन जाते, भाकरी देते, आबा जेवत नाहीत म्हणून सांगते. मी ऐकून घेते. दादा गेला त्या वर्षी त्याच्या डब्याच्या पिशवीत चिकटपट्टीचा गुंडाळा सापडला होता. मी त्या पट्टीने माझ्या वह्यांना कव्हरं घातली. आठवीचं सगळं वर्ष ती पट्टी माझ्या हाताखाली होती. हे मी कुणाला सांगू? म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुम्ही आबांना दोन बटणांची गोष्ट लिहिलीत, ती त्यांनी मला जशीच्या तशी सांगितली. ऐकताना मला आपलंच घर दिसलं. आपल्या घरात दुसरं बटण मी होते. गॅस बंद केला का, फी भरली का, औशाला तुमच्या आईला गोळीच्या आठवणीचा फोन, स्वरूपाची सही, तुम्ही चावी घेतली का. लाइनवर हजार पॅनल तपासायचे आणि तपासता तपासता तुमचा दिवस डोक्यात चालवायचा. माझा हात नऊ वर्षं त्या बटणावरून उचलला गेला नाही. तुम्ही आजारी आहात हे मला कळतं. मी तुम्हाला वेंधळे म्हणाले, धांदरट म्हणाले, तुमच्या आईसमोर म्हणाले, त्याची मला लाज वाटते. पण मी दमलेय. तुमच्या आजाराला नाव मिळालं म्हणून माझा हात दुखायचा थांबला नाही.

तरी मी येणार होते. पिशवी भरली होती. तुमच्या विसरण्याची मला सवय झाली होती हो. पण तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत की अनिताला कळणार नाही अशा बेताने. माझ्या भावाच्या मरणाचं, आणि मलाच कळणार नाही? दादानेही मला सांगितलं नाही, आबांनीही नाही, आणि आता तुम्हीही जन्मभर सांगणार नव्हतात. तुमच्या सगळ्यांच्या आठवणीत माझ्यापासून लपवायचं तेवढं पक्कं राहतं. पत्र वेळेवर पोचलं असतं तर मी रविवारी आले असते, आणि तुमच्या शेजारी काही माहीत नसलेली बाई म्हणून म्हातारी झाले असते. ते पत्र खणात राहिलं याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की ते तुम्ही लिहिलंत.

स्वरूपाचं नाव इथल्या शाळेत घातलंय. मला चाकणला तपासणीच्या कामावर घेतलंय, एकच शिफ्ट, सकाळची. चप्पल नीलाकडे द्या, इथे घेतलेली टाचेला लागते.

गोळ्या सोडू नका. स्वरूपाला मार्चमध्ये त्याच डॉक्टरीणबाईंना दाखवणार आहे, तेव्हा तुम्ही बरोबर या. शाळेत ती परवा दप्तर विसरून आली आणि दारात उभी राहिली, मी मारीन म्हणून. मी मारलं नाही. पण अशा वेळी आतून कसं वाटतं ते मला सांगता येत नाही तिला. तुम्हाला येईल.

ती तुम्हाला भेटायचं म्हणते. तेवीस तारखेला रविवार आहे. सकाळी दहाला राजगुरुनगरच्या एसटी स्टँडवर, रसवंतीसमोरच्या बाकावर आम्ही दोघी असू. कोंडाजीला सांगून ठेवू नका, नीलाला विचारू नका, मी आठवण करणार नाही. तुमचे तुम्ही या. साडेदहापर्यंत थांबू. त्यानंतर तिने विचारलं तर बस उशिरा असेल असं मी तिला सांगणार नाही.

अनिता